मासळीवालीला गेटवर अडवणाऱ्या सोसायटी समित्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आमच्याच सोसायटीच्या समितीसाठी लिहायला घेतलं होतं. मग अंधेरीच्या मावसबहिणीला आणि ठाण्याच्या एका मैत्रिणीला सहज विचारलं, तर दोघींच्याही इमारतीत थोड्याफार फरकाने तसाच कागद लिफ्टशेजारी चिकटवलेला. म्हणून मुंबई-ठाण्यातल्या सगळ्याच समित्यांना लिहिते आहे. कुठल्याही सोसायटीचं नाव घेणार नाही. मला कुणाला उघडं पाडायचं नाही, एक गोष्ट समजावून सांगायची आहे.

आमच्याकडे तो कागद ५ जूनला लागला, पर्यावरण दिनी. वर 'हरित सोसायटी' असा मथळा आणि खाली पाच सूचना. गाड्या पाइपने धुऊ नका, जिन्यात एलईडी दिवे लावा, झाडं दत्तक घ्या. तिन्ही मनापासून पटल्या. चौथी अशी, की पर्यावरणाचा विचार करून सभासदांनी मांसाहार टाळावा. आणि पाचवी, की स्वच्छतेच्या कारणास्तव मासे विकणाऱ्यांना आजपासून आवारात प्रवेश नाही.

त्याच सकाळी मासळीवाल्या मावशी आल्या. गेली अकरा वर्षं मी ब विंगेत राहते, त्याच्याही आधीपासून त्या येतात. वॉचमनने त्यांना थांबवलं. तो बिचारा खाली मान घालून बोलत होता. मावशींनी पाटी खाली ठेवली, इंटरकॉमवरून मला निरोप दिला आणि मी खाली जाईपर्यंत गेटबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. पाटीत काय होतं ते सांगते. खाडीची थोडी बोय आणि वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील. बस्स. कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी असते. माशांची वीण व्हावी, पिल्लं वाढावीत म्हणून. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, बंदरात त्या दिवशी होड्या ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. दोन महिने कमाई बंद ठेवून समुद्राला विसावा देणाऱ्या लोकांतल्या एका बाईला आपण पर्यावरणाचं कारण सांगून गेटबाहेर उभं केलं. तुमच्या हे ध्यानात आलं नसणार याची मला खात्री आहे. म्हणूनच लिहिते आहे.

मी मूळची वेसाव्याची, कोळीवाड्यातली. वडिलांची होडी होती, आता ती काका बघतात. मी बँकेत नोकरी करते. सणाला, सुट्टीला बंदरावर जाते, जाळी निवडायला बसते. माझं म्हणणं मी तिथूनच सुरू करते, कारण मला जे कळलं ते तिथेच कळलं.

आमच्याकडची जुनी मासेमारी डोलीची. समुद्रात खुंट रोवून त्यांना मोठं पिशवीसारखं जाळं बांधतात. तोंड रुंद, शेपूट निमुळतं. होडीने माशामागे धावायचं नाही. भरती-ओहोटीचा ओघ जाळ्यात शिरतो आणि त्याच्याबरोबर बोंबील, मांदेली, करंदी, जवळा शिरतो. पाणी वळायच्या वेळी जाळं उचलायचं. ओघ जे आणेल ते जाळ्यात, असा तो साधा व्यवहार आहे. म्हणून शहराने समुद्रात काय टाकलं हे सगळ्यात आधी डोलकराला दिसतं.

गेल्या ऑगस्टमध्ये, हंगाम उघडल्यावर, एका खेपेतली पाटी मी स्वतः निवडली. वर बोंबील होते, ओलसर, गुलाबी झाक असलेले. त्यांच्यात हात घातला तर हाताला पहिली लागली ती दुधाची पिशवी. मग वेफर्सची चांदीच्या रंगाची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, कान साफ करायच्या काड्यांच्या नळ्या. लहान मुलाचा डायपर, पाण्याने फुगून उशीएवढा झालेला. गाठ मारलेली एक प्लास्टिकची पिशवी निघाली, त्यात निर्माल्य. झेंडू काळा पडला होता, पण गाठ जशीच्या तशी. माझ्या शेजारी बसलेली आत्या एकेक वस्तू मासळीतून बाजूला काढत होती. तिने तो डायपर दोन बोटांनी उचलला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "यो काय म्हावरा हाय?" हसली नाही. मी शहरात राहायला गेले आहे म्हणून मला विचारत होती.

मासळीची एक पाटी झाली आणि कचऱ्याची दीड.

त्या दीड पाटीत मला कुणाचं जेवण ओळखता आलं नाही. वेफर्सच्या पाकिटावर हिरवा ठिपका होता. दुधाची पिशवी तर सगळ्यांच्याच घरची. निर्माल्य कुणीतरी श्रद्धेने, पायाखाली येऊ नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडलेलं. जो खातो त्याचा धर्म, जात, प्रांत यांतलं काहीही समुद्रापर्यंत पोचत नाही. तिथे पोचते ती फक्त पिशवी.

आणि पिशव्या तरी दिसतात. आपल्या शौचालयातलं, मोरीतलं पाणी कुठे जातं ते दिसतही नाही. वरळी आणि वांद्र्याहून तीन किलोमीटरहून जास्त आत समुद्राच्या पोटात बोगदे नेऊन ठेवले आहेत. शहराच्या सांडपाण्यातलं कितीतरी पाणी नीट शुद्ध न होताच समुद्रात, खाड्यांत आणि मिठीसारख्या नद्यांत जातं. आता सात ठिकाणी नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायला घेतली आहेत, ती होतील तेव्हा होतील. तोवर मालाडच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे माझे आजोबा तीराजवळच मासे धरत, तिथून आमच्या होड्यांना लांब लांब जावं लागतं. लांब जायचं म्हणजे डिझेल जास्त, बर्फ जास्त, माणसं जास्त वेळ समुद्रात. मग पाटीतला बोंबील महागतो आणि आपण मावशींशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मीही करते.

आता आपल्या कचऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी खताच्या यंत्रासाठी समितीने स्वयंसेवक मागवले तेव्हा मी नाव दिलं होतं. आठ दिवस रोज सकाळी साडेसहाला ब विंगेच्या सगळ्या मजल्यांचे डबे बघायचे आणि ओला-सुका वेगळा झाला की नाही त्याची वहीत नोंद करायची. ती वही अजून माझ्याकडे आहे. हॉटेलातून मागवलेल्या जेवणाचे काळे डबे जवळजवळ प्रत्येक मजल्यावर होते. कुणाच्या डब्याला पनीरची ग्रेव्ही लागलेली, कुणाच्या बिर्याणीचा भात, डबे मात्र एकाच जातीचे. एका घरी अर्धा केक. तीन घरी अख्खी कोथिंबिरीची जुडी, पिवळी पडलेली. माशाचे काटे मला आठ दिवसांत दोनदाच दिसले, त्यांतले एकदा माझ्याच डब्यात. यात नवल नाही. मासळी महाग, ती कुणी टाकत नाही. काटे मांजरींना जातात. आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालतात आणि कोळंबीची सालं माडाच्या आळ्यात पुरतात.

ते खताचं यंत्र पार्किंगमध्ये निळ्या कापडाखाली झाकून आहे. ज्या सोसायट्यांचा ओला कचरा दिवसाला १०० किलोंच्या वर जातो त्यांनी तो आवारातच जिरवावा, असं महापालिकेने २०१७ च्या ऑक्टोबरपासून सांगितलं आहे. आमच्या चार विंगांचा तेवढा सहज होतो. यंत्राच्या वासाची तक्रार आली म्हणून ते बंद पडलं, आणि आता तो कचरा देवनार-कांजूरच्या कचराभूमीवर, तिथल्या लोकांच्या नाकाशी जातो. ते लोक सभासद नाहीत, त्यांना तक्रार करायला आपला रजिस्टर मिळत नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली तेव्हा तो धूर कितीतरी दिवस शहरावर होता. त्यात आपल्या घरचं किती होतं हे वेगळं काढता येणार नाही, पण होतं.

वासाबद्दल मी टाळाटाळ करणार नाही. मासळीला वास असतो. सुके बोंबील भाजले की तो जिन्याभर जातो. ज्याला सवय नाही त्याला मळमळतं आणि त्यात त्याचा दोष नाही. पण वासाची तक्रार वासाची म्हणून करा, ती शेजारी-शेजारी मिटते. आमच्या बरोबर खाली एक जैन कुटुंब राहतं. सुरुवातीला त्यांच्या घरच्या भाभींनी मला लिफ्टमध्ये फार संकोचून सांगितलं होतं, की संध्याकाळी त्या सामायिकला, म्हणजे ध्यानाला, बसतात तेव्हा वास येतो. मी वेळ बदलली. सुकी मासळी दुपारी भाजते. पर्युषणाच्या दिवसांत घरी मासळी करत नाही. हे मला कुणी कागद लावून सांगितलं असतं तर कदाचित केलं नसतं. त्यांनी माझ्या मुलाच्या टायफॉइडच्या वेळी एकवीस दिवस रोज मुगाचं पाणी वर पाठवलं, स्टीलच्या डब्यात, आणि डबा परत घ्यायला स्वतः आल्या.

त्यांच्याबद्दल आणखी सांगायला हवं, कारण साचे दोन्ही बाजूंना असतात. आमच्या कोळीवाड्यातही 'ते लोक' म्हणून बोललं जातं. सगळे शाकाहारी खोटे आणि दांभिक, असं म्हणणारे माझ्या नात्यात आहेत. मी त्यांना या भाभींकडे घेऊन जाईन. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि भांडी विसळलेलं पाणी गॅलरीच्या फरशीला, असा त्यांच्या घरी पाण्याचा हिशेब आहे. बाजारात जाताना चार कापडी पिशव्या. सूर्यास्तानंतर स्वयंपाकघर बंद. अपरिग्रह, म्हणजे गरजेपुरतंच बाळगणं, हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, तो त्यांच्या घरी वापरात पाहिला. तेव्हा मी कुणाच्या शाकाहाराविरुद्ध लिहिते आहे असं कृपा करून समजू नका. मांसाहार टाळा असं पर्यावरणासाठी म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये हिशेब मांडला होता, की माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के पशुपालनातून येतात. मटण पृथ्वीला जड जातं, हे खरं आहे.

फक्त तो हिशेब पुढे वाचायला हवा. त्या १४.५ टक्क्यांत दूधही आलं. रवंथ करणारं जनावर ढेकरांतून मिथेन सोडतं, ते मटणासाठी पाळलेलं असो की दुधासाठी. जगात सर्वाधिक दूध आपल्या देशात होतं आणि एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. पाण्याने भरलेल्या भातखाचरांतूनही मिथेन निघतो, आणि भात तर आम्हा मासे खाणाऱ्यांच्या ताटात तीन वेळा. आपण वापरतो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. त्यात पाम तेल सर्वांत जास्त, मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. त्याच्या मळ्यांसाठी सुमात्रा आणि बोर्निओतली जंगलं तोडली, जाळली गेली. २०१५ साली तिथल्या आगींचा धूर सिंगापूरपर्यंत गेला होता. फरसाणाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, बिस्किटाच्या पुड्याची वाचा. आणि साखर? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मराठवाड्यातला ऊस तेव्हाही उभा होता. आपल्या चहात, बासुंदीत, मुलांच्या केकमध्ये ते पाणी आहे.

याच्यासमोर वलांडीवर वाळणारा बोंबील ठेवून बघा. बांबूच्या मांडवावर एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. ना फ्रीज, ना गॅस, वर फक्त ऊन आणि वारा. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी अशी होते. हे मी आमचं कौतुक म्हणून सांगत नाही. ट्रॉलरने डिझेल जाळत, समुद्राचा तळ खरवडत आणलेली कोळंबी अशी हलकी नाही आणि ती मीच विकत घेते. 'शाकाहारी' आणि 'मांसाहारी' या दोन खणांत ताटं टाकली की या गोष्टी दिसेनाशा होतात, एवढंच माझं म्हणणं आहे. बोंबील, बोकड आणि ट्रॉलरची कोळंबी एका खणात जातात. तांदळाची भाकरी आणि पाम तेलात तळलेली शेव दुसऱ्या खणात, शेजारी शेजारी.

माणसं अशी खणांत टाकली की काय होतं, ते २०२० मध्ये आपण पाहिलं. करोना आला आणि चिनी लोक काय काय खातात याचे व्हिडिओ घरोघर फिरले. आपल्याही ग्रुपांवर. तेव्हा आमच्या बँकेच्या शाखेत नागालँडची एक मुलगी होती. तिला स्टेशनवर 'करोना' म्हणून हाका मारल्या. ईशान्येकडच्या कितीतरी मुलामुलींना शहराशहरांत हे सोसावं लागलं. ज्या देशाला आपण हसत होतो त्याने २४ फेब्रुवारी २०२० ला रानटी प्राणी खाण्यावर आणि त्यासाठी त्यांच्या व्यापारावर बंदी आणली, ती बातमी त्या व्हिडिओंइतकी फिरली नाही. त्या मुलीला पुढे घर बदलायचं होतं. एजंटने पहिला प्रश्न विचारला, कुत्रा खाता का. दुसरा, वासाचं काय शिजवता. ती आखुनी करायची. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. वास उग्र, पण त्यात मांसाचा कण नाही. आपल्या नियमाने आखुनी पूर्ण शाकाहारी. तरी त्या मुलीला घर मिळालं नाही.

शार्कची गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते, कारण ती आमच्या बंदरातली आहे. शार्कच्या परांचं सूप म्हटलं की आपण चीनकडे बोट दाखवतो. त्या सुपासाठी जगभरचे शार्क संपत आले, हे खरंच आहे. पण ते पर येत कुठून होते? शार्क पकडणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत भारताचं नाव वर आहे. मुशी, म्हणजे लहान शार्क, आमच्या जाळ्यात यायची. तिचं कालवण आम्ही करायचो, अजून करतो, बाळंतिणीला आवर्जून देतो. पर कापून वाळवायचे आणि व्यापारी ते वेगळे तोलून न्यायचा. पुढे ते हाँगकाँगला जायचे. वडील सांगत, की परांचा भाव माशाच्या भावापेक्षा कितीतरी वरचा. त्या पैशात आमच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या असतील. केंद्र सरकारने २०१३ मध्ये पर अंगापासून तोडून आणायला बंदी केली आणि २०१५ च्या फेब्रुवारीत परांची निर्यात थांबवली. सूप पिणारा एकीकडे, पर वाळवणारा एकीकडे, जाळ्यासाठी कर्ज देणारा आणखी तिसरीकडे. यांतला कोण 'ते लोक' आणि कोण आपण, हे मला ठरवता आलेलं नाही.

आमच्याकडून झालेल्या चुका मी लपवत नाही. तळहाताएवढी पापलेटची पिल्लं बाजारात येतात आणि आम्हीच आणतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलं, त्याहून लहान धरू नये म्हणून. तरी पिल्लं येतात. प्रखर दिवे लावून रात्री माशांचे थवेच्या थवे उचलणारी एलईडी मासेमारी २०१७ पासून बंद आहे असं कागद सांगतो. समुद्रात दिवे दिसतात. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात जे खायच्या कामाचं नाही, त्याला आम्ही कुटी म्हणतो. ती वाळवून दळली जाते आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे रविवारी कुणी अंडं खाल्लं तरी त्यात समुद्राची पिल्लं आहेत. घ्यायला गिऱ्हाईक आहे म्हणून लहान पापलेट येतं. ते घेणाऱ्यांत मी होते. आता घेत नाही, आणि मावशींनाही सांगितलं आहे की वितीहून लहान सरंगा, म्हणजे पापलेट, माझ्या दारात आणू नका.

पण बदलणारेही आम्हीच आहोत, आणि हे कुठल्या खणात बसत नाही. तीन वर्षांपूर्वी काकांच्या जाळ्यात समुद्री कासव अडकलं. ऑलिव्ह रिडले, ताटाएवढी पाठ. नवं जाळं होतं. काकांनी कोयता मागितला आणि जाळंच कापलं. असा संरक्षित जीव सोडताना जाळं फाटलं तर वन विभागाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना २०१८ पासून आहे. फोटो काढावे लागतात, अर्ज करावा लागतो. काकांनी फोटो काढायच्या आतच कासव सोडलं. अर्ज झाला नाही. काकूने महिनाभर ऐकवलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला तुमच्यापैकी काही जण जाऊन आले असतील, कासवांची पिल्लं पाण्याकडे जाताना बघायला. त्याच किनाऱ्यावर पूर्वी कासवांची अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी उकरली जात. २००२ पासून भाऊ काटदरे आणि त्यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. राखणारे हात गावातलेच होते. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावरही असंच झालं. जिथे बहिरीला, म्हणजे त्या प्रचंड व्हेल शार्कला, तेलासाठी आणि मांसासाठी मारत, तिथले मच्छीमार गेली वीस वर्षं जाळी कापून तिला सोडतात. 'अंडी खाणारं गाव' असा शिक्का मारून कुणी गेट लावलं असतं तर वेळासचा कासव महोत्सव झाला नसता. आमच्या वेसाव्याच्या किनाऱ्यावरही २०१५ पासून अफरोज शाह आणि शेकडो लोक शनिवार-रविवारी कचरा उचलत राहिले. २०१८ च्या मार्चमध्ये तिथे कासवांची पिल्लं दिसली. मी पहिल्या पावसाळ्यात त्या कामाला गेले होते. शेजारी कोण उकरतंय त्याच्या डब्यात काय आहे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डबे मध्ये ठेवून जेवलो.

आणखी एक बोलायचं राहिलं. जबाबदारी सगळ्यांची म्हटलं की ती सगळ्यांची सारखी असं होत नाही. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, अमेरिकेतला एक माणूस चौदा टनांच्या आसपास. आपल्या सोसायटीतही तेच. चार एसी आणि तीन गाड्या असलेलं घर आणि मावशींचं वन-रूम-किचन यांच्या नावावर सारखं पाप लिहिता येणार नाही. अरबी समुद्र तापतो आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. तौक्तेत आमच्या बंदरातल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या आणि गेटवेच्या पायऱ्यांवर समुद्राने कचऱ्याचा ढीग आणून टाकला. वादळाचा बावटा लागला की काकांचे ते दिवस बिनकमाईचे जातात. ज्यांनी कमी बिघडवलं त्यांना आधी भोगावं लागतंय. आपल्या कागदावरची पाचवी सूचनाही नेमकी त्यांच्याच माथी आली, म्हणून ती मला इतकी लागली.

माझं मागणं फार मोठं नाही. चौथी आणि पाचवी सूचना काढून घ्या. मावशींना सकाळी नऊ ते दहा या वेळात मागच्या गेटने येऊ द्या. पाणी गळू नये म्हणून पाटीखाली ठेवायचा ट्रे मी आणून देते, जागा मी धुवून देईन. खताच्या यंत्रावरचं कापड काढा. वासाचा प्रश्न कोकोपीटने आणि रोज ढवळल्याने सुटतो, मी आणि खालच्या भाभी आठवड्यातून तीन दिवस ते बघायला तयार आहोत. त्यांच्याशी बोलूनच लिहिते आहे. घर भाड्याने देताना 'काय खाता' हा प्रश्न अर्जातून काढून टाका आणि त्या जागी 'कचरा वेगळा कराल का' असं विचारा. निर्माल्यासाठी आवारात एक वेगळा पिंप ठेवा. गणपती जवळ आले आहेत, त्याआधी झालं तर बरं.

आणि एकदा बंदरावर या. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या उधाणाला काकांची होडी पहाटे साडेपाचच्या सुमाराला लागते. मासळी खाल्ली पाहिजे असं काही नाही, मासळीला हात लावला पाहिजे असंही नाही. दुसऱ्या, कचऱ्याच्या पाटीतलं निवडायला माणसं हवी आहेत. हातमोजे आणि गमबूट आत्याकडे आहेत, तुमच्या पायाचं माप तेवढं आधी कळवा. भाभींनी त्यांचं कळवलं आहे, पाच नंबर.

आपली,
ब विंग, चौथ्या मजल्यावरची एक सभासद
मूळ गाव वेसावे